दसऱ्याची पहिली पोळी

दर दसऱ्याला आमच्या घरात एक चांगली पोळी मुद्दाम फोडली जाते. तव्यावरून उतरलेली, टम्म फुगलेली, तूप लावलेली पोळी घरातला कर्ता माणूस दोन्ही हातांत धरतो आणि मधोमध मोडतो. पुरण सांडतं, बोटं भाजतात, आणि मग त्या पोळीचा एकेक तुकडा सगळ्यांच्या ताटात पडतो. तो खाल्ल्याशिवाय कुणी दुसरा घास घेत नाही. माझी सून लग्न होऊन आली त्या वर्षी तिनं विचारलं होतं, "आई, इतकी चांगली झालेली पोळी मोडायची कशाला?" सकाळपासून उभी राहून माझे पाय भरून आले होते. मी म्हटलं, उद्या सांगते. त्या उद्याला आता अकरा वर्षं झाली. पंगतीत सांगतात ती गोष्ट तिनं दर वर्षी ऐकली, पण ती पुरी नव्हे. तिनं पुन्हा विचारलं नाही, आणि मला सणाच्या दिवशी पाणी प्यायचीही आठवण राहत नाही, तर गोष्टी कुठून सांगणार. म्हणून हे लिहायला घेतलं आहे. लिहिताना निदान बसता तरी येतं.

आमचं गाव मारेगावच्या बाजाराला चालत जाऊन दिवस मावळायच्या आत परत येता येईल इतक्या अंतरावर. गावाच्या पूर्वेला नाला, आणि नाल्यापलीकडे आमच्या लोकांची सात घरं. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचे कूड शेणामातीनं लिंपलेले, वर कवेलू म्हणजे कौलं, पुढं एवढंसं अंगण. आमच्या घरात आम्ही पाच जणं. बा, माय, बाची आई म्हणजे आमची आजी, मी आणि माझ्या पाठचा बाळ्या. बा कापसाच्या दिवसांत वणीच्या जिनात हमाली करी आणि आठवड्यानं घरी येई तेव्हा त्याच्या भुवयांतसुद्धा कापूस असे. एरवी मिळेल ते काम. माय निंदणाला, वेचणीला जाई. मला आठवतो तो सकाळचा आवाज म्हणजे जात्याची घरघर, मध्येच आजीचं खोकणं, आणि डाल्याखाली कोंडलेल्या कोंबड्यांची कुरकुर. जात्यावर मायनं कधी गाणं म्हटल्याचं मला आठवत नाही. लोक आपापल्या आयांच्या ओव्यांबद्दल लिहितात ते मी वाचते. माझी माय दळताना दम टाकायची, तेवढंच.

रोजचं खाणं म्हणजे ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी, नाहीतर जवसाची चटणी. गहू घरात क्वचित यायचे. पुरणपोळी मात्र आम्ही लहानपणापासून खात होतो, आणि चांगली पोटभर खात होतो. होळी, अखाडी, पोळा, दसरा, दिवाळी, प्रत्येक सणाला आळीतल्या बाया टोपली घेऊन गावात जात. अंगणात उभं राहायचं, हाक घालायची, मग आतून कुणी येऊन वरूनच टोपलीत पोळी टाकायचं. वीसपंचवीस घरं फिरलं की टोपली भरे. दोन दिवस ताज्या खायच्या, उरलेल्या कवेलूंवर वाळत घालायच्या आणि पुढं गुळाच्या पाण्यात शिजवायच्या. कोणती पोळी कोणत्या घरची हे आम्हा पोरांना डोळे मिटून सांगता येई. वाण्याच्या घरचं पुरण अगोड, तेल्याच्या घरची पोळी जाड, आणि मोठ्या पाटलीणबाईच्या पुरणात सुंठ. सुंठीची पोळी सगळ्यात चांगली, आणि ती आमच्या टोपलीत इतरांपेक्षा जास्त पडे, कारण त्या घरची सहाही बाळंतपणं आजीनं केली होती. आजी म्हणायची, "ते माह्या हक्काची हाय." याला कुणी भीक म्हटलेलं तिला खपत नसे.

मग बा आळीतल्या चार माणसांबरोबर नागपूरला गेला आणि दीक्षा घेऊन आला. परत आला तो पांढऱ्या कपड्यांत, आणि त्याचा आवाज बदलला होता. वाढला नव्हता, उलट थोडा खाली आला होता. कोनाड्यातले देव त्यानं फडक्यात बांधले आणि नाल्याला नेऊन सोडले. मेलेलं ढोर ओढणं बंद, दवंडी बंद. शेवटी त्यानं आजीची टोपली खुंटीवरून काढली आणि मायपुढं ठेवली. "हे आता शेणाले वापरजो," म्हणाला. आजीनं ती उचलली, पदरानं पुसली आणि पुन्हा खुंटीला अडकवली. बानं पाहिलं आणि सोडून दिलं. आईपुढं तो फार बोलत नसे.

त्यानंतरचं वर्ष मला लांबच लांब आठवतं. नवा धर्म आला होता, पण त्याचे सण अजून आमच्या घरी पोचले नव्हते, आणि जुने तर बानं नाल्यात सोडलेले. होळी आली, गेली. पोळ्याच्या दिवशी वारा गावाकडून आमच्याकडं होता. बैलांच्या घुंगरांचा आवाज आणि पुरणाचा वास असा सगळा नाल्यापलीकडून येत राहिला, दिवसभर. बाळ्यानं पोळी मागितली, मग रडला, मग मायनं त्याला भाकरीवर गुळाचा खडा दिला. बा समोर बसून चटणी-भाकर खात होता. त्यानं मान वर केली नाही. आजी म्हणाली, "लेकरायले कायले उपाशी मारतं बापा." तो म्हणाला, "उपाशी कोठी हाय माय, भाकर हाय ना." दोघांचंही बरोबर होतं, म्हणून वाद पुढं गेला नाही.

दसरा पंधरा दिवसांवर आला तेव्हा बानं जेवताना सांगितलं, "दसरा आपला हाय. याच दिवशी आपण माणसं झालो. यंदा आपल्या घरी पुरणपोळी होईन. आपल्या चुलीवरची. सातही घरं आपल्या अंगणात जेवतीन. बाया, माणसं, लेकरं, सारे एकाच पंगतीत. अन् दर साली करू."

मायच्या हातावरची भाकर थापता थापता थांबली. "करन कोण?"

"तू. घरोघरच्या बाया करते, त्यात काय हाय."

बानं त्या पंधरा दिवसांत काय काय केलं ते मला अजून दिसतं. मारेगावच्या बाजारातून हरभऱ्याची डाळ आणली, गूळ आणला, गहू आणले. आमच्या घरात लाटणं नव्हतं, भाकर हातावर थापायची असते. तर त्यानं सागाची फांदी आणून कोयत्यानं तासली, काचेच्या तुकड्यानं घासली, आणि असं गुळगुळीत लाटणं केलं की ते माझ्या हाती अजून आहे. ते मायच्या हातात देताना तो लाजला होता. मायही लाजली. त्या दोघांना एकमेकांसमोर लाजताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. त्या लाटण्यामुळेच मायला तोंड उघडता आलं नाही असं मला वाटतं. कारण खरी गोष्ट ही होती की माझ्या मायला पुरणपोळी करता येत नव्हती. तिनं ती जन्मात केली नव्हती. तिच्या आईनं केली नव्हती. आळीतल्या सातही घरांत एकाही बाईनं कधी पुरण शिजवलं नव्हतं, कारण पोळी ही आम्हाला तयारच मिळे.

मी तेव्हा अकराबारा वर्षांची असेन. नाल्यावर धुणं धुताना मायनं मला विचारलं, "सुमे, पुरण कसं करत असन व?" मला काय माहीत. तिनं शेजारच्या काशीकाकूला आडून आडून विचारलं, तर काकू म्हणाली, "मले वाटे तुले येत असन." मग तिनं आजीला विचारलं. आजी तंबाखू मळत होती. "म्या काय त्याईची चूल पाह्यली काय?" ती म्हणाली. "साठ वर्षं त्या दारी गेलो, पण अंगणाच्या पुढं पाय नाही टाकला. धूर दिसे, वास ये. बस." माय बोटं मोजायला लागली. डाळ, गूळ, गहू. "तीनच तं जिनसा हाय," असं तिनं मला सांगितलं, म्हणजे स्वतःलाच सांगितलं. गावात जाऊन कुणाला विचारायचं तर ते दार बानं बंद केलेलं, आणि बाला सांगायचं तर ते सागाचं लाटणं.

दसऱ्याला माय तांबडं फुटायच्या आत उठली. चूल सारवली, पऱ्हाट्या आत आणून ठेवल्या, आणि मोठ्या गंजात डाळ, गूळ आणि पाणी असं सगळं एकदमच टाकून आधणाला ठेवलं. ज्यांना पुरण येतं त्यांना हे वाचूनच काय झालं असेल ते कळलं असेल. गुळात डाळ शिजत नाही. गूळ आधी पडला की डाळ घट्ट होऊन बसते, मग तुम्ही चुलीत जंगल घाला. मायला हे माहीत असायचं काही कारण नव्हतं. ती पऱ्हाट्या सारत राहिली, पाणी घालत राहिली. सूर्य डोक्यावर आला तरी डाळीचा दाणा दाताखाली कच्चाच. बाहेर अंगणात बाचं वेगळंच चाललं होतं. झेंडूच्या माळा, पाटावर बुद्धाची तसबीर, पळसाच्या पानांच्या पत्रावळी. अधूनमधून तो दारातून आत डोकावे आणि "झालं काय?" असं विचारे, आणि माय न वळता "होऊन राह्यलं" म्हणे.

शेवटी तिनं ते तसंच पाट्यावर वाटलं. पुरण एकाच वेळी पातळ आणि कचकचीत झालं. कणकेचा उंडा बसायच्या पाटावर ठेवून त्या नव्या लाटण्यानं लाटला की पुरण एका बाजूनं बाहेर येई. तव्यावर टाकली की दुसऱ्या बाजूनं फुटे, गूळ तव्याला लागून जळे, आणि घरभर काळा धूर. मी तव्यावर पोळीखालून उलथनं सारत होते. एक फुटली, दोन फुटल्या. अकरा पोळ्या केल्या आणि अकराही फुटल्या. अकरावी उतरवल्यावर मायनं लाटणं खाली ठेवलं, भिंतीला पाठ लावली आणि पाय लांब केले. ती रडली नाही. रडायला जोर लागतो, आणि तिचा जोर सकाळपासून चुलीत गेला होता. आज मी पाट्याऐवजी मिक्सर वापरते आणि चुलीऐवजी गॅस, तरी दुपार झाली की माझीही पाठ तशीच भिंत शोधते. तेव्हा मला वाटलं होतं की माय आता कधीच उठणार नाही.

आजी कोपऱ्यातून हे सगळं पाहत होती. ती उठली, खुंटीवरची टोपली काढली, डोक्यावरून पदर घेतला आणि मागच्या कुडाच्या फटीतून बाहेर पडली. मायनं तिला जाताना पाहिलं. मी मायकडं पाहत होते, म्हणून मला ठाऊक आहे. तिला हाक मारता आली असती. तिनं डोळे मिटून घेतले.

आजी परत आली तेव्हा टोपली फडक्यानं झाकलेली होती. फडकं बाजूला केलं तर पंधरासोळा पोळ्या, पातळ, भरलेल्या, कडेपर्यंत पुरण, आणि घरात सुंठीचा वास. "सालभर आली नाहीस, म्हणे. होळीची घे, पोळ्याची घे, सारीच घे म्हणे," आजी सांगत होती. मग हळू आवाजात म्हणाली, "टाकल्या वरूनच."

"आत्याबाई," माय म्हणाली, "त्याईले समजलं तं?"

"कोण सांगते? लेकाची इज्जत हाय आज. वाढ तू."

मायनं फुटलेल्या पोळ्या परातीत गोळा केल्या, परात कोपऱ्यात सरकवली आणि वर कोंबड्यांचं रिकामं डालं पालथं घातलं. मग माझा दंड धरला. "सुमे, तोंड उघडजो नको." मी मान हलवली.

पंगत बसली. त्याआधी बानं सगळ्यांकडून वंदना म्हणून घेतली. ती कुणालाच धड पाठ नव्हती, बालाही नव्हती, पण हात सगळ्यांचे जुळलेले होते आणि जिथं शब्द अडत तिथं सगळे एकदम अडत. मग बाया आणि माणसं एकाच रांगेत बसली. बायांना इतकं अवघड झालं होतं की त्यांनी पदर नाकापर्यंत ओढले होते. बानं मायलाही बसवलं. वाढायचं काम त्यानं स्वतः घेतलं, आणि आमच्या आळीतल्या कुठल्याही माणसानं तोवर पंगतीत वाढलं नव्हतं, म्हणून त्यानं भात आधी वाढला आणि वरण विसरला. पोळी अर्धी अर्धी वाट्याला आली. सगळ्यांना वाढून झाल्यावर तो आपल्या पत्रावळीवर बसला आणि बोलला. भाषण त्याला येत नसे. "आज आपण कोणाच्या दारी नाही गेलो," तो म्हणाला. "हे पोळी आपल्या चुलीवरची हाय. माह्या घरच्या बाईनं केली. लहान हाय का मोठी हाय, आपली हाय." एवढं बोलून त्यानं घास मोडला आणि तोंडात घातला.

त्याचा जबडा थांबला. मी समोरच बसले होते. आणि मग मी रांगेत पाहिलं तर काशीकाकूचाही थांबला होता, तिच्या नवऱ्याचाही, पलीकडच्या म्हाताऱ्याचाही. आमच्या आळीत ती चव न ओळखणारं एक माणूस नव्हतं. सगळ्यांनी जन्मभर तीच पोळी खाल्ली होती. सगळे पत्रावळीकडं पाहत सावकाश चावत राहिले, आणि मला एवढंच ऐकू येत होतं की बाळ्या चाटून पुसून खातो आहे आणि आणखी मागतो आहे. माय दगडासारखी बसली होती. बानं आजीकडं पाहिलं, मग मायकडं. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. तो फक्त दमलेला दिसत होता, जिनातून आठवडाभरानं घरी यायचा तसा.

"तू केलेल्या कोठी हाय?" त्यानं विचारलं.

मायची नजर एकदा दाराकडं गेली. आणि मी उठले. का उठले ते मला आजही नीट सांगता येणार नाही. बाचा चेहरा पाहवला नाही म्हणा, किंवा त्या वयात खरं बोलण्याची हौस असते म्हणा. मी आत गेले, डालं उचललं, परात आणली आणि बापुढं ठेवली. अकरा पोळ्यांचा काळपट गोळा, डाळीचे अख्खे दाणे वर आलेले. सातही घरांनी तो पाहिला. मायनं पदर तोंडावर ओढून घेतला.

बानं एक तुकडा उचलला आणि खाल्ला. दाणे कचकच वाजले, ते रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू गेलं असेल. तो सगळा तुकडा खाऊन संपवून तो म्हणाला, "हे आपली." मग काशीकाकूच्या नवऱ्यानं हात पुढं केला. मग म्हाताऱ्यानं. परात रांगेतून फिरली आणि सगळ्यांनी एकेक तुकडा घेतला, कचकच खाल्ला. कुणी चांगला आहे म्हटलं नाही, म्हणण्यासारखा नव्हताच.

परात आजीपुढं आली तेव्हा ती उठून उभी राहिली. "म्या भीक नाही आणली," ती म्हणाली. "त्या घरचे सहा लेकरं माह्या हातानं झाले. सांगा, कोणाले भीक म्हणता?" बा म्हणाला, "कोणी म्हटलं नाही माय. बस." ती बसली. सुंठीची अर्धी पोळी तिनं शेवटच्या घासापर्यंत खाल्ली, सावकाश, सगळ्यांच्या देखत. परातीतला तुकडा तिनं उचलला नाही. त्या दिवशी मला आजीचा राग आला होता. आता मी तिच्या वयाची झाले आहे आणि राग कुणाचा धरावा ते समजेनासं झालं आहे.

माय मला रागावली नाही. दोन दिवस बोललीच नाही, मग एकदम "पाणी आण" म्हणाली आणि सगळं पहिल्यासारखं झालं, असं मला वाटलं.

पुढच्या दसऱ्याआधी एका सकाळी आजी पुन्हा गावात गेली. टोपली घरीच होती, मी खुंटीवर पाहिली. परत येऊन ती मायच्या शेजारी चुलीपाशी बसली आणि म्हणाली, "आंधी डाळ शिजू दे. बोटात दाबली का मेणावानी झाली पाह्यजे. पाणी काढून टाक, त्याची आमटी कर. मंग गूळ. मंग पुन्हा आटव, चमचा उभा राहीपर्यंत." पाटलीणबाईला तिनं अंगणातून विचारलं होतं. ती हसली होती म्हणे, "गूळ आंधी टाकला काय व, येडे," आणि मग आतूनच ओरडून ओरडून सगळं सांगितलं होतं. साठ वर्षांत पहिल्यांदा आजी त्या दारातून रिकाम्या हातानं आली होती. बाला हे कुणीच सांगितलं नाही, आणि मीही या खेपेला तोंड मिटून ठेवलं.

त्या वर्षी मायची पोळी फुटली नाही. पहिली पोळी तव्यावर फुगली, तिनं ती उलटली, पुन्हा फुगली, आणि तिनं ती अलगद उतरवून ताटलीत ठेवली. गोल, अख्खी, बारीक तपकिरी ठिपके पडलेली. मायनं मला कोपरानं ढोसलं. "पाह्य," म्हणाली. बस, एवढंच म्हणाली, पण तिचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. ती ताटली तिनं स्वतः बाहेर नेली आणि सगळ्या पंगतीसमोर बापुढं ठेवली.

बानं ती पाहिली. त्याला फार आनंद झाला हे दिसत होतं. त्यानं ती दोन्ही हातांत उचलून सगळ्यांना दाखवली आणि म्हणाला, "गेल्या साली फुटली होती तेच आपली पहिली पोळी. ते भुलायचं नाही." आणि मधोमध मोडली. पुरण सांडलं. सातही घरं हसली, टाळ्या पडल्या, तुकडे वाटले गेले. बाचा हेतू वाईट नव्हता. त्याला वाटलं तो मायचा मान करतो आहे. आजीनंही तो तुकडा घेतला आणि खाल्ला. माय हसली नाही. ती तव्यावरची दुसरी जळेल म्हणून आत गेली.

आणि मग ती रीतच पडली. दर दसऱ्याला पहिली पोळी फोडायची आणि बानं ती फुटलेल्या अकरा पोळ्यांची गोष्ट सांगायची. पंगत वाढत गेली, मारेगावहून, वणीहून पाहुणे यायला लागले, गोष्टही वाढत गेली. तीत धूर आला, कचकच आली, डाल्याखालची परात आली, मीसुद्धा आले, खरं बोलणारी शहाणी पोरगी म्हणून. लोक हसत, कौतुक करत. माय आत पोळ्या लाटत असे. पुढं तिच्या पोळ्यांचं नाव झालं, लग्नाकार्यात बोलावून नेत, पण आमच्या घरी दर वर्षी तिची न आलेली पोळीच सांगितली जाई.

बा गेल्यानंतर फोडायचं काम बाळ्याकडं आलं. एका दसऱ्याला मी माहेरी गेले होते. मायचे हात तेव्हा थरथरत, म्हणून लाटत मी होते आणि ती शेजारी बसून उंडे करून देत होती. मी पहिली उतरवली. ती तिच्याकडं पाहत राहिली, मग बाळ्यानं बाहेरून हाक मारली आणि मी ताटली उचलली. तेव्हा माय म्हणाली, "मले एकदा अख्खी पाह्याची व्हती, सुमे. त्याईच्या पानात." पुढचा उंडा वळत म्हणाली, "तू ते डालं उचललं नसतं तं." तिच्या आवाजात राग नव्हता. तीस वर्षांनी सांगत होती, एवढंच. मी ताटली बाहेर नेली, बाळ्यानं पोळी फोडली, सगळे हसले. मी बाळ्याच्या हातातून ती काढून घेऊ शकले असते. मी नुसती उभी राहिले.

माय त्याच हिवाळ्यात गेली. सागाचं लाटणं माझ्याकडं आलं, आणि दसऱ्याची पंगतही माझ्या घरी आली. तेव्हापासून मी एक करते, आणि ते कुणाला सांगितलेलं नाही. दसऱ्याला तव्यावरची पहिली पोळी मी उतरवते, तूप लावते, आणि ओट्याच्या आतल्या बाजूला पालथ्या ताटाखाली झाकून ठेवते. बाहेर जाते ती दुसरी. बाळ्या आमच्याकडं असला तर तो, नाहीतर माझा मुलगा, ती दुसरी पोळी पहिली म्हणून फोडतो आणि गोष्ट सांगतो. झाकलेली पोळी मी सगळ्यांची जेवणं झाल्यावर खाते. फसवणूक आहेच. पण आमच्या घरातल्या सणाची सुरुवातच एका झाकलेल्या परातीनं झाली होती.

यंदा माझ्यानं ओट्यापाशी उभं राहवलं नाही. मी स्टुलावर बसले आणि सून लाटायला उभी राहिली, त्याच सागाच्या लाटण्यानं. तिनं पहिली उतरवली, ताटलीत घेतली आणि बाहेर निघाली. मी म्हटलं, "ती नको नेऊ. इथं ठेव."

"अहो आई, ही पहिली आहे ना?"

"म्हणूनच. ही तुझ्या आजेसासूची आहे. अख्खी ठेवायची."

तिनं माझ्याकडं पाहिलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की ती आता सगळं विचारणार, आणि माझ्या अंगात त्राण नव्हतं. पण तिनं ताटली ओट्यावर ठेवली, वर ताट पालथं घातलं आणि दुसरी पोळी तव्यावर टाकली. बाहेरून माझ्या मुलाचा आवाज आला, "झाली का पहिली?"

"झाली," ती म्हणाली, आणि दुसरी घेऊन गेली.